नमुनाच घेतला नाही, तर जंतू कळणार कसा?

मा. कुलगुरू महोदय आणि विद्यापीठ आरोग्य केंद्राच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी महोदया यांस,

स. न. वि. वि.

या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आरोग्य केंद्राच्या दारावर एक परिपत्रक लागलं. लघवीच्या किरकोळ तक्रारींसाठी नमुना कल्चरला, म्हणजे त्यातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखायला, पाठवणं यापुढे बंद, त्याऐवजी ठरलेल्या गोळ्यांचं पाकीट मिळेल. कारण एका ओळीत उरकलंय: कल्चरचा खर्च परवडत नाही आणि रिपोर्टला वेळ लागतो. ते वाचलं तेव्हा मी रजेसाठीचं वैद्यकीय प्रमाणपत्र द्यायला रांगेत उभी होते. सलाईनच्या सुईनं काळानिळा झालेला हात अजून पुरता बरा झाला नव्हता. 'किरकोळ' हा शब्द मी दोनदा वाचला.

मी सूक्ष्मजीवशास्त्र विभागात संशोधन करते आणि चार वर्षं वसतिगृहात राहते. ई. कोलाय हा जंतू माझ्या रोजच्या कामातला. सकाळी इनक्युबेटर उघडला की मॅककॉन्की आगार या जंतू वाढवायच्या माध्यमावर त्याच्या गुलाबी वसाहती दिसतात, मग दिवसभर त्यांचीच उस्तवार. त्याच जंतूनं या वर्षी मला आडवं केलं.

सेमिस्टरच्या मध्यावर लघवीला जळजळ सुरू झाली. दर अर्ध्या तासाला जावंसं वाटायचं आणि गेल्यावर चार थेंब. आपल्याकडे याला 'उन्हाळी लागली' म्हणतात. सगळा दोष उन्हावर ढकलायची सोय नावातच करून ठेवलेली. आरोग्य केंद्रात गेले, तीन दिवसांचं सिप्रोफ्लॉक्सासिन मिळालं. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं, तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. पुन्हा तेच औषध, या वेळी पाच दिवस. उतार नाही. मग सेफिक्झिम. त्याच्या चौथ्या रात्री हुडहुडी भरून ताप आला, पाठीत उजव्या बाजूला कळ आणि उलट्या. मूत्राशयातला संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला होता. रुग्णालयात नेल्यावर, इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा, कुणीतरी माझ्या हातात निर्जंतुक बाटली दिली.

रिपोर्ट मला पाठ आहे. ई. कोलाय, ईएसबीएल हे औषध तोडणारं विकर (एन्झाइम) तयार करणारा. सिप्रोफ्लॉक्सासिन 'आर', को-ट्रायमॉक्साझोल 'आर', सेफिक्झिम 'आर'. नायट्रोफ्युरँटॉइन 'एस', फॉस्फोमायसिन 'एस'. 'आर' म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही, 'एस' म्हणजे देतो. केंद्रातून मिळालेली दोन्ही औषधं 'आर'च्या रांगेत होती. १९५०च्या दशकापासून वापरात असलेलं जुनं नायट्रोफ्युरँटॉइन 'एस'मध्ये होतं, पण तोवर त्याची वेळ टळून गेली होती. ते लघवीत साठतं, मूत्रपिंडाच्या ऊतींत पुरेसं पोचत नाही. शेवटी शिरेतून अर्टापेनेम घ्यावं लागलं, रोज एक, सात दिवस.

पहिल्या वेळीही हाच जंतू होता का, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. मला सांगता येत नाही. कदाचित आधीचा जंतू साधा असेल आणि सिप्रोच्या माऱ्यात आतड्यातले साधे जंतू मरून दणकट तेवढे उरले असतील. कदाचित पहिल्या दिवसापासून हाच असेल. या दोन शक्यतांतला फरक सांगणारा कागदच नाही, कारण नमुनाच घेतला नव्हता. माझी मूळ तक्रार एवढीच. बाकीच्या तिलाच फुटलेल्या फांद्या आहेत.

आरोग्य केंद्राची बाजू मला कळत नाही असं नाही. धडधाकट तरुण स्त्रीला पहिल्यांदाच असा त्रास झाला, ताप नाही, पाठदुखी नाही, तर लक्षणांवरून लगेच औषध सुरू करावं, कल्चरची वाट पाहत बसू नये, असं वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. परिपत्रक लिहिणाऱ्यांनी त्याचाच आधार घेतला असणार. पण या मोकळिकीला एक अट आहे. अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेनं दिलेल्या २०१०च्या तत्त्वांत को-ट्रायमॉक्साझोल द्यायला हरकत नाही म्हटलंय ते स्थानिक जंतूंमधला प्रतिरोध, म्हणजे औषधाला दाद न देणं, २० टक्क्यांच्या आत असेल तरच. स्थानिक म्हणजे आपल्या आवारातला. तो कळतो कल्चरवरून. कल्चर बंद करून त्याच कल्चरवर बेतलेला अंदाज वापरत राहायचं, म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवणं झालं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या आकड्यांनुसार ई. कोलायमुळे झालेल्या मूत्रमार्गाच्या दर पाच संसर्गांपैकी एकात अँपिसिलिन, को-ट्रायमॉक्साझोल आणि फ्लुरोक्विनोलोन (सिप्रोफ्लॉक्सासिनचा गट) यांसारख्या नेहमीच्या औषधांना जंतू पुरेशी दाद देत नव्हता. आमच्या वसतिगृहांत हे प्रमाण किती? जास्त असेल, कमीही असेल. कुणी मोजलंच नाही.

मोजायला लागतं तरी किती? वर्षभरातल्या कल्चरचे निकाल एकत्र करून कोणत्या जंतूला कोणतं औषध किती टक्के चालतं याचा तक्ता करतात, त्याला अँटिबायोग्राम म्हणतात. प्रयोगशाळांच्या प्रचलित मानकानुसार एका जातीच्या जंतूचे किमान ३० नमुने हवेत, एका रुग्णाचा पहिलाच नमुना धरायचा आणि तक्ता दर वर्षी नवा करायचा. वर्षाला तीस! परीक्षेच्या एका महिन्यात याहून जास्त मुली केंद्राच्या रांगेत असतात.

गरज पडली तर रुग्णालयाचा तक्ता बघू, असं मला तोंडी सांगण्यात आलं. तो आमच्या कामाचा नाही. तिथले रुग्ण आधीच चार औषधं खाऊन आलेले असतात, काहींना लघवीची नळी लावलेली असते. त्यांच्या जंतूंत प्रतिरोध जास्त दिसणारच. तो आकडा वसतिगृहातल्या मुलींना लावला तर केंद्र घाबरून गरजेपेक्षा भारी औषधं देत सुटेल. आणि उलटही सांगते, म्हणजे माझ्या मागणीतली पळवाट मीच बुजवते. औषध फसलेल्यांचेच नमुने पाठवले तरी तक्ता तसाच वाकडा येईल. म्हणून थोडे नमुने पहिल्यांदाच त्रास झालेल्यांचे घ्यावे लागतील, सरसकट, निवड न करता.

विद्यापीठानं हे का करावं, ते रुग्णालयांचं काम नाही का, या प्रश्नाला पंचवीस वर्षांपूर्वीच उत्तर मिळालंय. ऑक्टोबर १९९९ ते जानेवारी २००० या काळात कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाच्या परिसरात लघवीचा संसर्ग झालेल्या स्त्रियांचे ई. कोलाय गोळा करून तपासले गेले. एकूण २५५. त्यातले ५५, म्हणजे २२ टक्के, को-ट्रायमॉक्साझोलला दाद देत नव्हते. इथवर विशेष काही नाही. मग त्यांचे जनुकीय ठसे ताडून पाहिले, तेव्हा या ५५पैकी २८ जंतू एकाच कुळातले निघाले. मिशिगन आणि मिनेसोटातल्या नमुन्यांतही तेच कूळ सापडलं. प्रत्येकीचा संसर्ग ही तिची खाजगी बाब, स्वच्छतेची किंवा नशिबाची, असं धरून चाललेल्यांना हा धक्का होता. साथ असावी तसं एकाच कुळातलं जंतू कितीतरी जणींमध्ये पसरलं होतं आणि कुठल्याही एका मुलीच्या केसपेपरवरून ते दिसणं शक्य नव्हतं. २००१मध्ये हा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. नमुने घेतले म्हणून हे कळलं. आपलं परिपत्रक तेव्हा तिथल्या दारावर असतं, तर तो जंतू कुणाच्या नजरेस न पडता फिरत राहिला असता.

दुसरी तक्रार त्या पाकिटाबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७पासून प्रतिजैविकांचे तीन गट केलेत: अॅक्सेस, वॉच आणि रिझर्व्ह. अॅक्सेसमधली औषधं आधी वापरायची, वॉचमधली जपून. नायट्रोफ्युरँटॉइन आणि को-ट्रायमॉक्साझोल अॅक्सेसमध्ये आहेत. पाकिटातली सिप्रोफ्लॉक्सासिन आणि सेफिक्झिम ही दोन्ही वॉचमधली. शिवाय २०१६मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं इशारा दिला की साध्या मूत्रसंसर्गासाठी सिप्रोसारखी औषधं दुसरा पर्याय नसेल तेव्हाच द्यावीत, कारण स्नायूबंध आणि नसांना कायमची इजा होऊ शकते. विद्यापीठाच्या धावपटूंनाही हेच पाकीट मिळतं का, मला कल्पना नाही. मिळत असेल तर क्रीडा विभागानं जरा चौकशी करावी.

यात आणखी एक गोम आहे. ईएसबीएल हे विकर सेफिक्झिमसारख्या औषधांचं बीटा-लॅक्टम कडं तोडतं. त्याचं जनुक बहुतेक वेळा प्लाझ्मिडवर असतं. प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचं छोटं सुटं वेटोळं, एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारं. त्याच वेटोळ्यावर इतर औषधांना दाद न देणारी जनुकंही अनेकदा शेजारी शेजारी बसलेली असतात, आणि ईएसबीएलवाले जंतू पुष्कळदा सिप्रोलाही दाद देत नाहीत. म्हणून सिप्रो दिलं तरी ईएसबीएलचंही फावतं. एका औषधाची चूक दुसऱ्या औषधाच्या खात्यावर चढते. नवं औषध येईल या आशेवर बसण्यातही अर्थ नाही. मार्च २०२५मध्ये अमेरिकेत जेपोटिडासिनला या आजारासाठी मान्यता मिळाली. या आजारासाठी तोंडावाटे घ्यायच्या प्रतिजैविकांचा नवा वर्ग जवळपास तीस वर्षांनी आला.

मग पाकिटात नायट्रोफ्युरँटॉइन घालून मोकळं व्हावं का? तेही नको. ताप किंवा पाठदुखी असेल तर ते पुरं पडत नाही, आणि जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांना देता येत नाही. हे प्रश्न पाकीट विचारत नाही, डॉक्टर विचारतो. खिडकीतून पाकीट सरकवायची पद्धतच मुळात चुकीची आहे.

तिसरी तक्रार गोळ्यांच्या संख्येबद्दल. उपचार तीन दिवसांचा असो की पाच, केंद्रातून दहा गोळ्यांची अख्खी पट्टी मिळते. उरलेल्या गोळ्यांचं काय होतं? इथे मला कबुली द्यायची आहे. पहिल्या वेळच्या चार सिप्रो माझ्या पेनांच्या पाऊचमध्ये पडून होत्या. शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीला जळजळ सुरू झाली, परीक्षा दोन दिवसांवर होती, आणि मी त्या तिला दिल्या. मी! जी पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रतिरोध शिकवते. तिला तेवढ्यापुरतं बरं वाटलं आणि ती केंद्रात गेलीच नाही. वसतिगृहात हे सर्रास चालतं, कुणाच्या कपाटात कोणती पट्टी आहे हे सगळ्यांना माहीत असतं. मोजून गोळ्या दिल्या असत्या तर माझ्या पाऊचमध्ये काही उरलंच नसतं. माझी चूक मी माझ्याकडे ठेवते, पट्टीची आपण घ्या.

चौथी तक्रार थोडक्यात. प्रवेशाच्या वैद्यकीय तपासणीत प्रत्येकाची लघवी तपासली जाते आणि त्रास नसतानाही जंतू किंवा पू-पेशी दिसल्या की औषध लिहून दिलं जातं. लक्षणं नसताना लघवीत जंतू सापडले, तर गर्भवती किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हायची असलेले रुग्ण सोडून इतरांना औषध देऊ नये, ही सर्वमान्य शिफारस आहे. एक प्रतिजैविक घेतलं की पुढचं वर्षभर त्या माणसाच्या जंतूंत प्रतिरोध वाढलेला सापडू शकतो. जिथे तपासायची गरज नाही तिथे केंद्र सगळ्यांना तपासतं, आणि माझ्यासारखी तिसऱ्यांदा आली की खर्च आठवतो.

पाचवी तक्रार खिडकीची. "काय त्रास आहे?" हे काचेपलीकडून, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं जातं. पुढे उभी मुलगी "ताप" म्हणते, कारण मागे तिच्याच वर्गातले चौघे उभे असतात. मग ती तापाची गोळी घेऊन परत जाते. शरीरसंबंध हे या संसर्गाचं एक मोठं कारण आहे. १९९६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात, नव्यानं गर्भनिरोधक साधन वापरू लागलेल्या विद्यापीठातल्या तरुण स्त्रियांमध्ये, दहा जणींमागे वर्षाला सात संसर्ग झाले होते. म्हणजे हा प्रश्न डॉक्टरांनी विचारायलाच हवा, पण दार लावून आणि भुवया न उंचावता. नाहीतर खरं उत्तर मिळणार नाही, आणि चुकीच्या उत्तरावर चुकीचं औषध दिलं जाईल. जळजळ झाली म्हणजे ई. कोलायच, असंही नसतं. शरीरसंबंधातून पसरणाऱ्या क्लॅमिडिया या जंतूनंही जळजळ होते आणि तो नेहमीच्या कल्चर प्लेटवर वाढतच नाही. मुलांनाही हा त्रास होतो, कमी प्रमाणात, पण त्यांच्या बाबतीत तर नमुना पाठवायलाच हवा. त्यांना कुणी धरतच नाही.

आणि शौचालयं. ग्रंथालय रात्री बारापर्यंत उघडं असतं, त्यातलं मुलींचं शौचालय आठला कुलूपबंद होतं. सुरक्षेचं कारण सांगितलं जातं. परिणाम असा की अभ्यासाला बसणाऱ्या मुली दुपारपासूनच पाणी तोडतात. मीही तोडायचे. अनुकूल माध्यमात ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. चार तासांत बारा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे ४,०९६. मूत्राशयात वेग याहून कमी असतो, पण त्याला बाहेर घालवायचा शरीराकडचा साधा उपाय म्हणजे लघवी करणं, आणि त्यालाच आपण कुलूप घातलंय. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांवरचा एक अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं होतं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. प्रतिजैविकांचा वापर कमी करायचा याहून स्वस्त मार्ग मला तरी माहीत नाही. खर्चाचं कारण परिपत्रकात आहेच, म्हणून हे लिहिलं.

माझ्या मागण्या अशा:

परिपत्रक मागे घ्यावं. उपचारानंतरही लक्षणं राहिली, थोड्या काळात पुन्हा उद्भवली, ताप किंवा पाठदुखी असली, रुग्ण पुरुष किंवा गर्भवती असली, तर औषध सुरू करण्याआधी नमुना घेणं बंधनकारक करावं. औषध त्याच दिवशी सुरू करा, रिपोर्टसाठी थांबवा असं मी म्हणत नाही. पण रिपोर्ट आल्यावर तो रुग्णाला कळवा आणि गरज असेल तर औषध बदला.

दर वर्षी ठरावीक काळात, पहिल्यांदाच त्रास झालेल्या सर्वांचे नमुने त्यांच्या संमतीनं पाठवावेत, निदान तीस ई. कोलाय मिळेपर्यंत, आणि त्यावरून विद्यापीठाचा स्वतःचा अँटिबायोग्राम करून जाहीर करावा, नावांशिवाय. नमुने मान्यताप्राप्त निदान प्रयोगशाळेतच जावेत. आमच्या विभागाची संशोधन प्रयोगशाळा त्यासाठी नाही. आजारी असताना स्वतःचा नमुना तिथल्या प्लेटवर ओढायचा मोह मला झाला होता, आणि नियम म्हणून मी तो आवरला. आलेले आकडे मांडून तक्ता करायला मात्र आम्ही विद्यार्थी विनामोबदला बसू.

पाकीट बंद करावं. गोळ्या मोजून द्याव्यात आणि उरलेल्या परत घ्यायची पेटी ठेवावी. लक्षणं नसलेल्यांना लघवीच्या रिपोर्टवरून प्रतिजैविक देणं थांबवावं. तक्रार सांगायला बंद दाराची खोली द्यावी. ग्रंथालय जितका वेळ उघडं, तितका वेळ शौचालय उघडं राहावं, आणि तिथे पाणी असावं.

नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोचला नाही तर तो चार अंश तापमानात ठेवावा लागतो. केंद्रातल्या लसींच्या फ्रिजमध्ये तो ठेवता येणार नाही, म्हणून वेगळा छोटा फ्रिज लागेल. सगळ्या मागण्यांत नवी खरेदी एवढीच. बाटल्या केंद्राच्या कपाटात आहेत, मी पाहिल्यात. प्रवेशाच्या तपासणीसाठी आणलेल्या आहेत.

परिपत्रकावर हरकतीसाठी तीस दिवसांची मुदत लिहिली आहे, त्यातले अकरा उरलेत. या पत्रासोबत माझ्या कल्चर रिपोर्टची प्रत जोडली आहे आणि ती केंद्राच्या नोंदीत ठेवायला माझी संमती आहे. तक्ता सुरू झाला तर मी आधीच तीनदा औषध घेतलेलं होतं, म्हणून माझा नमुना तीस जणांत धरू नका. वेगळ्या रकान्यात लिहा.

आपली,
वसतिगृहात राहणारी एक संशोधक विद्यार्थिनी
सूक्ष्मजीवशास्त्र विभाग